एक आडवी रेघ

फॉर्म एका पानाचा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, कुठल्या गोळ्या चालू आहेत. बाबांनी ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, उभ्या कॅपिटल अक्षरांत सगळं भरलं. शेवटच्या आधीचा रकाना होता, ‘तुम्हाला कोणकोणती कामं येतात?’ आणि त्यापुढे तीन ओळी मोकळ्या. बाबा तिथे जरा थांबले. मग त्यांनी पहिल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, पट्टी न लावता पण पट्टी लावल्यासारखी सरळ, आणि सही करून कागद टेबलापलीकडच्या आजोबांकडे सरकवला. आजोबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, रेघेपाशी अडखळले आणि म्हणाले, ‘हरकत नाही, शिकवू आम्ही.’ बाबा मान हलवून ‘थँक यू’ म्हणाले.

ते ‘शिकवू आम्ही’ मला टोचलं. घरी येताना गाडीत मी विचारलं, ‘बाबा, काहीच का नाही लिहिलं तुम्ही?’ ते खिडकीबाहेर बघत होते. ‘काय लिहायचं? रिटायर झालोय ना मी.’ पुढच्या सिग्नलला काहीतरी सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो रकाना माझ्यापुढे आला असता तर मी तरी काय लिहिलं असतं? शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ यापुढे मी दहा वर्षं ‘नोकरी’ लिहीत आले. कुणी खोदून विचारलंच तर ‘कंपनीत आहेत’. पिंपरी-चिंचवडमध्ये तेवढं पुरायचं. सगळ्यांचेच वडील कंपनीत असायचे. कुठली कंपनी आणि कुठली पाळी, एवढाच काय तो फरक. बाबांनी ३४ वर्षं काढली तिथे. त्या ३४ वर्षांत ते नेमकं काय करतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी बाबा मेलबर्नला आले, मे महिन्यात, म्हणजे इकडे थंडी सुरू होताना. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. पहिले तीन आठवडे त्यांनी हॉलच्या खिडकीशी बसून काढले. कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक त्यांना आमच्याआधी पाठ झालं. लाल झाकण कधी, पिवळं कधी, हिरवं कधी. समोरच्या घरातल्यांनी चुकीचा डबा बाहेर काढला तर ते अस्वस्थ व्हायचे. आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बिजागऱ्या त्यांनी आवळल्या. मग सैल करून परत आवळल्या. नवरा म्हणाला, ‘अगं, यांना त्या मेन्स शेडमध्ये का नाही नेत? लायब्ररीच्या मागे आहे बघ.’ बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘शेड म्हणजे पत्र्याची ना? मग चालेल.’

पत्र्याचीच होती. कौन्सिलच्या जागेवरची, पूर्वी गाड्या ठेवायची असावी. आत शिरलं की आधी थंडी लागायची, मग वास यायचा: पाईनच्या भुशाचा गोडसर, त्यात निलगिरीच्या लाकडाचा जरा उग्र, वर मशीन ऑइल आणि कोपऱ्यात उकळणाऱ्या पाण्याची वाफ. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची काळी बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे पटाशी जागेवर नसेल तर तिची सावली तेवढी दिसायची. बाबा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. ‘चांगलं आहे हे,’ म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे बरंच झालं.

ऑस्ट्रेलियात परसातली शेड ही पूर्वापार बाप्याची जागा. घरं लहान झाली, परस गेलं, माणूस निवृत्त झाला की त्याला बसायला जागा उरेना; त्यातून या सामायिक शेड निघाल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा गावात १९९३ मध्ये अशी एक शेड सुरू झाली, तीही एका बाईच्या पुढाकाराने, हे मला विशेष आवडतं. ‘मेन्स शेड’ हे नाव लावलेली पहिली मात्र व्हिक्टोरियातल्या टोंगालाची, जुलै १९९८ मधली. २००७ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली आणि आता देशात हजारावर शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही पसरल्या. त्यांचं एक आवडतं वाक्य आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. मी ते भिंतीवर वाचलं तेव्हा मनात म्हटलं, आमच्याकडचे खांद्याला खांदा लावूनही बोलत नाहीत. आणि हो, ‘बायकांचं काय’ हा प्रश्न मलाही पडला. आमच्या शेडमध्ये गुरुवारी बायकाही येतात, आणि गुरुवारी बिस्किटं जास्त चांगली असतात असं ऐकून आहे.

काम कुणासाठी? गावासाठी. बालवाडीला मातीत खेळायचं लाकडी स्वयंपाकघर, वृद्धाश्रमाला कमरेएवढ्या उंचीचे भाजीचे वाफे, शाळेला बाक, चौकात पुस्तकांची पेटी. लाकडाचे पैसे त्या त्या संस्थेने द्यायचे, मजुरी नाही. पुण्याहून काकांचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न, ‘किती देतात?’ बाबा शांतपणे सांगायचे, ‘चहा देतात.’ तो चहाही त्यांना पटत नसे. दुसऱ्या आठवड्यापासून थर्मासात आल्याचा चहा जायला लागला आणि चौथ्या आठवड्यापासून थर्मास मोठा घ्यावा लागला.

पहिल्या दिवशी त्यांची परीक्षा घेतली. नियमच आहे, मशीनला हात लावण्याआधी कुणीतरी जाणत्याने बघायचं. फॉर्म घेणाऱ्या आजोबांनी ड्रिल मशीनपाशी उभं राहून चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, लाल बटण कुठलं, हे बाबांना सावकाश, मोठ्या आवाजात समजावलं. बाबा चष्म्यावर चष्मा चढवून, हात मागे बांधून ऐकत होते. मी दारात उभी राहून कुढत होते. नंतर म्हटलं, ‘सांगायचं ना त्यांना!’ तर म्हणाले, ‘नव्या शॉपमध्ये गेलं की मशीन आपल्याला ओळखत नसतं. ऐकून घ्यायचं.’ मग त्यांना भोक पाडायला सांगितलं. बाबांनी लाकूड शिकंज्यात धरलं, आवळलं, परत सैल केलं, खाली एक टाकाऊ फळी सरकवली, म्हणजे पलीकडून लाकूड फुटू नये, आणि भोक पाडलं. आजोबांनी फळी उलटून बघितली. पलीकडची कड अलीकडच्या कडेइतकीच स्वच्छ. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला डावा हात वर करून दाखवला. करंगळी अर्धी नव्हती. बाबांनी आपला डावा हात वर केला. तर्जनीचं शेवटचं पेर नाही. दोघं हसले.

त्या पेराची गोष्टही मला धड माहीत नव्हती. ‘कंपनीत लागलं.’ मी चौथीत असेन. आई आठ दिवस त्यांना भरवत होती एवढं आठवतं.

बाबांचं इंग्रजी म्हणजे ड्रॉइंगवरचं इंग्रजी. टॉलरन्स, क्लिअरन्स, रेडियस, चॅम्फर. दुकानात दूध मागताना त्यांची जीभ जड होते, पण शेडमध्ये त्यांना शब्द अडला नाही. उलट मीच कधी दुभाषी व्हायला गेले तर मध्ये लुडबुड केल्यासारखं व्हायचं. मापाचं तर आणखीच गमतीचं. हा देश ५० वर्षांपूर्वीच मेट्रिक झाला, कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये, पण तिथले म्हातारे बोलताना अजून इंचात बोलतात. आणि बाबा सुतारकामाला उभे राहिले की त्यांच्या तोंडी ‘सूत’ येतं. इंचाचे आठ सूत. ‘टू सूत मोर,’ ते म्हणाले, आणि बोटांनी दाखवलं. पुढच्या आठवड्यात एक सहा फुटी, लालबुंद मानेचा निवृत्त ट्रकवाला दुसऱ्याला सांगताना मी ऐकला: ‘सूत’. उच्चार इंग्रजी कोटाच्या ‘सूट’सारखा, पण माप बरोबर.

मंगळवारी मी घरून काम करायचे, तेव्हा त्यांना सोडायला आणि आणायला मी. आणायला अर्धा तास आधी जायला लागले. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी बाबांना बघायचे. लहानपणी मला ते फक्त येताना आणि जाताना दिसत. निळा गणवेश, त्याला कूलंटचा आंबूस वास. आई तो वेगळा धुवायची. मोरीत रॉकेल आणि धुण्याची पावडर लावून हात चोळणारे बाबा, आणि तरी नखांच्या कडेला राहिलेली काळी रेघ. त्या रेघेची मला लाज वाटायची. आमच्या शाळेत काही मुलींचे वडील बँकेत होते आणि त्यांची नखं गुलाबी असत. हे लिहायलाही नको वाटतंय, पण वाटायची खरी. आणि बाबांनाही वाटत असावं की पोरीने या सगळ्यापासून लांब राहावं. ‘तू फक्त अभ्यास कर,’ एवढंच ते म्हणायचे. मी केला. इतका केला की समुद्र ओलांडून आले आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये, ४६ व्या वर्षी, वडिलांना पहिल्यांदा काम करताना बघितलं.

त्यांचं अंग तिथे वेगळं व्हायचं. घरात पाय ओढत चालणारा माणूस बाकापाशी दोन पाय फाकवून रोवलेला. कानस फिरवताना हात नाही, कंबर हलायची. अधूनमधून ते डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत.

जूनमध्ये बालवाडीसाठी ओढत न्यायची लाकडी बदकं करायचं ठरलं. बदकाने चालताना डुलायला हवं. त्यासाठी चाकाचं भोक मधोमध न पाडता थोडं बाजूला पाडतात. चाक फिरतं तसं बदक वरखाली होतं. बाबा ते हातात घेऊन फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून, मराठीत, सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हा तर आपला कालिया!’

कुठला कालिया? आणि मग एकदम आठवलं. मी दुसरीत-तिसरीत असताना आमच्या मंडळाने कालियामर्दनाचा हलता देखावा केला होता. निळं कापड ढवळायचं, पाच फण्यांचा नाग एकेक फणा वर काढायचा, खाली घ्यायचा, आणि त्यावर छोटा कृष्ण हळूहळू गोल फिरायचा. निगडीपासून लोक बघायला आले होते. मी रोज रांगेत उभी राहून बघायचे आणि मधल्या फण्याला घाबरायचे, कारण तो बाकीच्यांपेक्षा जरा उशिराने, अचानक उठायचा. ‘तो उशिराचा मुद्दाम ठेवला होता,’ बाबा म्हणाले. ‘सगळे एका लयीत उठले तर खेळणं वाटतं.’ पाच लाकडी कॅम, एकाच दांड्यावर, प्रत्येकाचं भोक वेगळ्या बाजूला, गाडीच्या वायपरची जुनी मोटर, सायकलची चेन. दुसरी पाळी संपवून रात्री बारानंतर मांडवात बसून केलेलं. मंडळाच्या अहवालात अध्यक्षांचा फोटो होता, वर्गणीदारांची नावं होती, मूर्तिकाराचं नाव होतं. बाबांचं असण्याचा प्रश्नच नव्हता. मांडवामागे जाऊन कोण बघतो?

मी तर घरात होते. मीही बघितलं नव्हतं.

गाडीत मी विचारायला लागले आणि ते, खांद्याला खांदा लावून बसल्यामुळे असेल, बोलायला लागले. टूल रूममध्ये होते ते. पत्रा दाबून भाग काढायचे साचे, डाय, बनवायचे. ‘म्हणजे कसले?’ ‘स्कूटरच्या हॉर्नचं झाकण, मीटरची वाटी, असलं काहीबाही.’ एक डाय बनवायला महिना-दीड महिना. मग ती लाखो झाकणं काढणार. लहानपणी माझ्या कानाशी पों-पों करत गेलेल्या स्कूटरींपैकी कितींच्या हॉर्नला बाबांचा हात लागला होता, असा हिशेब मी मनात करायला गेले आणि सोडून दिला.

मधे एका शनिवारी बनिंग्जच्या दारात सॉसेज भाजायचा कार्यक्रम झाला. हार्डवेअरच्या त्या अवाढव्य दुकानाबाहेर स्थानिक संस्थांनी तवा लावून निधी गोळा करायचा, ही इथली जवळजवळ धार्मिक प्रथा. बाबा माळकरी, त्यांना कांदा परतायला उभं केलं. २०१८ मध्ये त्या दुकानाने कांदा सॉसेजच्या वर नको, खाली घाला, सांडला तर लोक घसरतात, अशी सूचना काढली होती आणि देशभर त्यावर वाद झाला, हे ऐकून बाबा म्हणाले, ‘सुखी लोक आहेत.’

जुलैमध्ये ओढ्याकाठी झाडं लावणाऱ्या गटाकडून मोठं काम आलं: पक्ष्यांसाठी २४ पेट्या, वसंताआधी. इथले रोझेलासारखे पोपट, पॉसम, असे सुमारे ३०० जातींचे प्राणी-पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतात. निलगिरीला नीट ढोली पडायला शंभरावर वर्षं लागतात. झाड तोडायला अर्धा दिवस. मग माणसाने पेटी करून टांगायची. ड्रॉइंग आलं होतं. आतली बाजू खरखरीत ठेवायची, म्हणजे पिल्लांना चढून बाहेर येता येईल. तळाला पाणी निचरायला छोटी भोकं. रंग फक्त बाहेरून. आणि भोकासमोर, ६० मिलिमीटर अंतर सोडून, एक उभी फळी. ही फळी कशाला, बाबांनी विचारलं. आजोबा जरा घुटमळले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ते एका उपद्रवी पक्ष्यासाठी आहे, तो दुसऱ्यांच्या ढोली बळकावतो, त्याला समोरून थेट घुसायला आवडतं, फळी असली की कचरतो. ‘कुठला पक्षी?’ ‘मैना,’ आजोबा म्हणाले, आणि खाली बघून, ‘इंडियन मैना.’

‘साळुंकी हो, बाबा,’ मी म्हटलं.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘आपल्या गॅलरीत येते ती? ती इथे कशी?’ १८६० च्या दशकात, मळ्यांतले किडे खायला म्हणून मेलबर्नला मुद्दाम आणून सोडली होती. हे सांगितल्यावर ते हसायचे थांबले. ‘आणली, मग तिचा काय दोष?’ हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. मी या देशाचा पासपोर्ट घेऊन अकरा वर्षं झाली आहेत. आजोबांचं ते घुटमळणं चांगुलपणातलं होतं, मला कळत होतं, तरी त्या दुपारी मला थर्मासातला चहा गोड लागेना. बाबांना मात्र असलं काही शिवलं नाही. त्यांच्यापुढे आता एक सरळ प्रश्न होता: फळी आणि भोक यांतलं अंतर चोवीसच्या चोवीस पेट्यांना एकसारखं कसं ठेवायचं.

इतके दिवस जो तो आपापली पट्टी लावून खुणा करायचा आणि प्रत्येक पेटीचं तोंड जरा वेगळं यायचं. त्यात कुणाला काही वाटत नसे. बाबांना रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेच्या तळातून एक चपटी डबी काढली. मेतकूट आणि चकल्यांच्या पुड्यांखालून ती भारतातून आली होती. आत मखमलीवर व्हर्निअर कॅलिपर, मिलिमीटरचाही अंश मोजणारा, मितुतोयो कंपनीचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. ‘हा कशाला आणलात?’ ‘तिकडे कुणाजवळ ठेवणार?’ दोन मंगळवार खपून त्यांनी प्लायवूडचा जिग केला: त्यात पुढची फळी टाकली की भोकाची जागा आपोआप यायची, आणि जर्रा नावाच्या इथल्या लाकडाचा एक ठोकळा मध्ये सरकवला की उभी फळी बरोब्बर अंतरावर बसायची. चुकवतो म्हटलं तरी चुकणार नाही. ट्रकवाल्याने तीन पेट्या भराभर जोडल्या, एकमेकांवर ठेवल्या, दूर जाऊन बघितल्या आणि एक शिवी हासडली. कौतुकाची होती.

त्या फॉर्मवरच्या रेघेचं काय झालं, मला माहीत नाही. असेल फाइलमध्ये तशीच.

गणपतीच्या आधी बाबा परत गेले. मी थांबा म्हटलं, फार आग्रह केला नाही. विमानतळावर आत जाताना ते वळले आणि म्हणाले, ‘पेट्या वर टांगल्या की कोण राहायला येतंय ते कळव.’ व्हर्निअर शेडच्या ड्रॉवरमध्ये राहिला. विसरले म्हणाले. बाबा हत्यार विसरत नाहीत.

ऑक्टोबरच्या अखेरीस ओढ्यावरच्या गटाने फोटो पाठवले. सात पेट्यांत रोझेला, एकीत मधमाश्या, एकीतून पॉसमची शेपटी लोंबतेय. आणि अकरा नंबरच्या पेटीवर, फळीच्या आडून अर्धं अंग आत घातलेली, चोचीत गवताची काडी धरलेली, पिवळ्या चोचीची साळुंकी. मला इतकं हसू आलं की मी तो फोटो तिथल्या तिथे बाबांना पाठवला. पुण्यात सकाळ होती. दोन मिनिटांत फोन. मला वाटलं हसतील.

‘गॅप चुकला,’ ते म्हणाले. ‘ठोकळा आहे का अजून तिथे?’

‘बाबा, साळुंकी काय व्हर्निअर घेऊन बसलीये का?’

‘तू जाऊन मोज.’

गुरुवार होता, बायकांचा. जिग खिळ्याला टांगलेला, ठोकळा त्याला सुतळीने बांधलेला. मी ड्रॉवरमधून डबी काढली, फोन कानाला आणि खांद्याला दाबून धरला, आणि ठोकळा जबड्यांत पकडला. गार, जड, तेलकट. आजूबाजूला दोघीतिघी रंधा मारत होत्या, त्यांचा आवाज बाबांना ऐकू जात असणार, कारण ते क्षणभर गप्प झाले.

‘काय दिसतंय?’

‘साठच्या थोडं पुढे.’

‘थोडं म्हणजे किती? थोडं असं माप नसतं. आधी वरच्या पट्टीवरचे पूर्ण मिलिमीटर घे. घेतलेस? आता खालची पट्टी बघ. तिची एकच रेघ वरच्या रेघेला तंतोतंत जुळलेली असेल. बाकीच्या सगळ्या जराजरा हुकलेल्या असतात. कुठली जुळतेय?’

मी उजेडाकडे वळले. रेघा केसासारख्या बारीक, सगळ्या एकात एक मिसळलेल्या.

‘थांबा, चष्मा आणते.’

‘आण. मी आहे.’